‘येतो’ म्हणून गेलेल्या बाबांबद्दल मुलाला काय सांगावे?

पत्र : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ३६ आहे. आठ महिन्यांपूर्वी माझ्या पतींचे निधन झाले. त्यांचे यकृत निकामी झाले होते आणि त्याचे कारण दारू होते. आमच्या संसाराच्या अकरा वर्षांपैकी नऊ वर्षे मी ते रोज पाहिले, पण घरात ‘दारू’ हा शब्द आजही कोणी उच्चारत नाही. ‘त्याला थोडी सवय होती’ एवढ्यावर विषय संपतो. वर्तमानपत्रात ‘अल्पशा आजाराने निधन’ असे छापून आले. आम्हाला सहा वर्षांचा मुलगा आहे. रुग्णवाहिकेत चढण्यापूर्वी ते त्याला ‘येतो हं, राजा’ म्हणाले होते. नंतर सासूबाईंनी त्याला ‘बाबा देवाघरी गेले’ असे सांगितले. तो अजूनही रोज संध्याकाळी बाबांच्या चपला दाराशी सरळ करून ठेवतो. गेल्या आठवड्यात त्याने मला विचारले, ‘देव बाबांना सोडत का नाही?’ आणि तेव्हापासून तो देवाला हात जोडत नाही. मी एकदा न राहवून ‘बाबा मेले आहेत, ते येणार नाहीत’ असे बोलले, तर सासूबाई रडू लागल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. परवा मामेबहिणीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मोबाइलवर आला, त्यात मामांनी माझ्या नावामागे ‘गं. भा.’ लावले आहे. या सगळ्या मऊ शब्दांचा मला वीट आला आहे. मी फार कठोर झाले आहे का?

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मी त्या चपलांपाशी बराच वेळ थांबले. आपल्याकडे घराबाहेर निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ निघालेच, तर ‘जातो काय, येतो म्हणावं’ असे दटावणारे कोणीतरी घरात असतेच. मोठ्यांच्या कानांना तो शब्द इतका सरावाचा झालेला असतो की त्याचा अर्थ ‘निघतो’ एवढाच लागतो. सहा वर्षांच्या मुलाने तो जसाच्या तसा घेतला. बाबा येतो म्हणून सांगून गेले, ते कुठे गेले आहेत हे आजीने सांगितले, म्हणजे मुक्कामाचे ठिकाण ठाऊक आणि परतण्याचा शब्दही दिलेला. अशा माणसाच्या चपला सरळ करून ठेवण्यात त्या मुलाचे काही चुकत नाही. त्याचा तर्क शाबूत आहे. त्याला दिलेली माहिती अर्धी आहे.

मऊ शब्दांचा तुम्हाला वीट आला आहे हे मी समजू शकते, तरी मी सरसकट त्यांच्या विरुद्ध नाही. माझ्या आजोळी दिवा कधीच विझवला गेला नाही. निजानीज झाली की आजी कंदिलाची वात हळूहळू खाली उतरवायची, काचेच्या तोंडावर तळहात आडवा धरून एक हलकी फुंकर घालायची आणि अंधार झाल्यावर म्हणायची, ‘दिव्याला निरोप दिला गं.’ समोरचा वाणी रात्री दुकान बंद करीत नसे, वाढवीत असे. देवापुढचा नारळ पुष्कळ घरांत आजही फोडत नाहीत, वाढवतात. पावसाळ्यात अंगणात साप निघाला आणि दिवेलागण होऊन गेलेली असली, तर त्याचे नाव न घेता ‘लांबडं निघालंय’ एवढीच हाक येई. या शब्दांनी कोणाची फसगत होत नसे. दुकान वाढवले असे ऐकून कोणी वाढीव माल पाहायला धावले नाही, आणि ‘लांबडं’ म्हटल्यावर काठी आणायची की चटई, याबद्दल कोणाच्या मनात संभ्रम नव्हता.

बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही आतली गोष्ट ठाऊक असते, तेव्हा मऊ शब्द हा शिष्टाचार असतो, आणि दुःखाच्या दिवसांत तर तो मोठा आधार असतो. पण ज्याला ती गोष्ट ठाऊक नाही आणि जिच्यावर त्याचे काहीतरी अवलंबून आहे, अशा माणसापुढे तोच शब्द ठेवला की त्याची फसवणूक होते, मग ठेवणाऱ्याचे मन कितीही स्वच्छ असो. सासूबाई शेजारणीला ‘देवाघरी गेला’ म्हणतात तेव्हा शेजारीण त्यांना तारीख विचारीत नाही. नातवाच्या लेखी मात्र देवाघर हे एक घर आहे, तिथला मालक देव आहे, आणि तो बाबांना अडवून बसला आहे. अशा देवाला हात न जोडण्याचा त्याचा निर्णय मला तरी फार सुसंगत वाटतो.

मरण म्हणजे काय, हे मुलांना एकाच दिवशी उमगत नाही. मेलेला परत येत नाही, मेल्यावर शरीराला भूक, वेदना, थंडी यांपैकी काही जाणवत नाही, आणि प्रत्येक जिवाला कधी ना कधी मरण असते, या गोष्टी बहुतेक मुलांच्या मनात साधारण पाच ते सात या वयात हळूहळू रुजतात. तुमचा मुलगा नेमका त्या उंबरठ्यावर उभा आहे, आणि अशा वेळी ‘गेले’, ‘झोपले’, ‘तारा झाले’ हे शब्द त्याला पुढे नेण्याऐवजी मागे ओढतात. माझ्या एका भाच्याला त्याच्या आजोबांच्या वेळी ‘आजोबा झोपलेत’ असे सांगण्यात आले होते. तेरावे उलटून गेले तरी तो पोरगा रात्री अंथरुणावर पाठ टेकायला तयार होईना. आणि दुपारी त्याचे वडील जरा लवंडले की तो जवळ बसून बोटांनी त्यांच्या पापण्या उघडून पाहायचा. मोठ्यांना वाटत होते, मूल खेळत आहे.

म्हणून त्याला सांगायला हवे, आणि ते तुम्हीच सांगायला हवे. मात्र शब्द बदला. तुम्ही ‘मेले’ म्हणालात आणि सासूबाई रडल्या, त्याचे कारण केवळ खरे बोलणे त्यांना झेपले नाही, असे नाही. मराठीत ‘मेला’ हा शब्द आपण किडामुंगीसाठी वापरतो, कधी वैऱ्यासाठी, कधी ‘मेल्या, ऊठ की आता’ अशा लटक्या रागात. आपल्या पोटच्या मुलासाठी तो ऐकणे कोणत्याही आईला सोसणार नाही. स्पष्टपणा आणि मान या दोन्ही गोष्टी राखणारे शब्द आपल्याकडे आहेत : वारले, मरण पावले, मृत्यू झाला. ‘काळाच्या पडद्याआड गेले’ हा प्रयोग शोकसभेसाठी ठेवा. पडद्याआड गेलेले पात्र पुढच्या प्रवेशाला पुन्हा येते, हे शाळेच्या स्नेहसंमेलनात काम केलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

एखाद्या निवांत संध्याकाळी, शाळा-शिकवणीची घाई नसताना, त्याला जवळ घेऊन साधारण असे सांगता येईल : ‘बाबांना मोठा आजार झाला होता. आपल्या पोटात यकृत नावाचा अवयव असतो, तो अगदी बिघडून गेला. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण बाबा बरे होऊ शकले नाहीत आणि त्यांचा मृत्यू झाला. मृत्यू झाला म्हणजे त्यांचा श्वास थांबला, हृदय थांबले. आता त्यांना काही दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येऊ शकत नाहीत. निघताना ते येतो म्हणाले, कारण त्यांना खरोखरच यायचे होते.’ यातले शेवटचे वाक्य कृपा करून गाळू नका. ते गाळले तर बाबा परत येणार नाहीत हे त्याला कळेल, पण बाबा आपल्याशी खोटे बोलले हेही त्याच्या मनात राहील, आणि ते ओझे त्याला फार वर्षे वाहावे लागेल.

त्यानंतर तो बहुधा लगेच खेळायला निघून जाईल. त्यावरून त्याला काही वाटले नाही असे समजू नका. मुले दुःख घोटाघोटाने पितात. रात्री, आंघोळीच्या वेळी, रिक्षात बसलेले असताना, तो पुन्हा पुन्हा तेच विचारील आणि प्रत्येक वेळी त्याच साध्या शब्दांत उत्तर द्यावे लागेल. आपण हट्ट केला, दंगा केला म्हणून बाबा आजारी पडले का, ही शंका या वयाची मुले बोलून दाखवत नाहीत, पण बाळगतात. त्याने विचारण्याची वाट न पाहता ‘हे तुझ्यामुळे झाले नाही’ असे सांगून टाका. तुम्हीही मरणार का, असे त्याने विचारले, तर ‘कधीच नाही’ असे वचन देऊ नका. ‘माझी तब्येत चांगली आहे, मी खूप वर्षे तुझ्याजवळ असेन असे मला वाटते, आणि तुला सांभाळायला आजी आहे, काका आहेत’ हे उत्तर पुरेसे आहे आणि खरे आहे. सर्दी-तापाने माणसे अशी मरत नाहीत, हेही एकदा सांगा. नाहीतर पुढच्या तापात त्याच्या अंगातील उष्णतेपेक्षा त्याची भीती जास्त चढेल.

सासूबाईंचा ‘देवाघर’ हा शब्द मात्र त्यांच्याकडून काढून घेऊ नका. त्यांचा मुलगा गेला आहे, आणि त्या शब्दाच्या आधारानेच त्या सकाळी उठून चहा ठेवू शकतात. त्यांच्याशी बोलताना सत्य आणि असत्य असा वाद मांडू नका. नातू देवाला नमस्कार करीत नाही, ही गोष्ट त्यांच्यापुढे ठेवा. ‘आई, त्याला वाटते देवाने बाबांना कोंडून ठेवले आहे’ एवढे म्हणा आणि थांबा. देवाची बाजू सावरण्यासाठी त्या स्वतःच काहीतरी मार्ग काढतील. आधी मृत्यू झाला हे सांगायचे आणि मग ‘आजीची श्रद्धा अशी की बाबांचा जीव देवाजवळ आहे’ असे म्हणायचे, या क्रमाला बहुतेक आज्या तयार होतात.

आता दारूविषयी. या एका वस्तूला आपण जितकी नावे दिली आहेत, तितकी विष्णूनंतर दुसऱ्या कोणाला दिली असतील असे वाटत नाही. माणूस पीत नाही, ‘घेतो’. मित्र जमून पीत नाहीत, ‘बसतात’. जेवणावळ ‘ओली’ होते. जो रोज पितो त्याला ‘थोडी सवय’ असते, आणि पिऊन घरात थैमान घालणारा ‘तसा मनाने फार चांगला’ असतो. सरकारी कागदही यात मागे नाहीत. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्याच कायद्याखाली विक्रीचे परवाने दिले जातात. पिणाऱ्याने स्वतःजवळ बाळगायचा परवाना प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी म्हणून मिळतो. आणि ज्या खोलीत बसून हे स्वास्थ्य राखायचे, तिच्या दारावर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते.

हे हसण्यासारखे असले तरी ‘सवय’ या शब्दाने तुमच्या घराचे जे नुकसान केले ते हसण्यासारखे नाही. आपल्या पूर्वजांनी एका भयंकर रोगाला ‘देवी’ हे नाव दिले. औषध नव्हते, घरोघरी मुले दगावत होती किंवा आंधळी होत होती, तेव्हा रोगाचे नाव आदराने घेणे आणि आजाऱ्याच्या उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवणे यापलीकडे कोणाच्या हातात काही नव्हते. पण लस आल्यावर तेच नाव पुष्कळ ठिकाणी आडवे आले, कारण अंगात प्रत्यक्ष देवी आलेली असताना सुई टोचून घेणे म्हणजे तिचा अवमान, असे लोकांना वाटत होते. गावोगाव, घराघरांत जाऊन टोचण्याची मोहीम झाली, तेव्हा कुठे एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. दारूचेही असेच आहे. तिला सवय म्हटले की ती मोडणे ही ज्याची त्याची जबाबदारी ठरते, आणि मोडली नाही तर तो मनाचा दुबळा आणि बायको खमकी नाही, असे दोन निकाल एकदम लागतात. तिला आजार म्हटले की माणसाला डॉक्टरकडे नेता येते. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करीत आहे, म्हणजे उपचार उपलब्ध नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. तिथपर्यंत जाण्यासाठी जो शब्द घरात उच्चारावा लागतो तो उच्चारला गेला नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेत माणूस आपले नाव सांगतो आणि ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणतो, तेथून पुढची वाट सुरू होते. त्याच सभेत त्याला आडनाव मात्र कोणी विचारत नाही, हे मला फार शहाणपणाचे वाटते, आणि तुमच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर मी तिथूनच घेणार आहे.

तुमच्या पतींचा मृत्यू कशाने झाला, हे कोणाला सांगायचे? मी अनेक वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत निधनवार्ता पाहत असे. नातेवाईक चिठ्ठीवर मजकूर लिहून आणत आणि त्यात ठरलेले साचे असत : वृद्धापकाळाने, अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने, स्वभाव मनमिळाऊ, पश्चात असा असा परिवार. ऐंशी वर्षांच्या आजींचा ‘अल्पसा आजार’ खरोखरच अल्पसा असे. चाळिशीच्या माणसाच्या नावापुढे तो आला की आम्ही कार्यालयातली माणसे एकमेकांकडे पाहायचो आणि काही न बोलता मजकूर पुढे सोडायचो. एकदा एका तरुण विधवेने आणलेल्या चिठ्ठीत ‘अल्पशा’ हा शब्द खोडलेला होता आणि त्यावर, त्याच शाईने, कोणीतरी तो पुन्हा लिहिला होता. मी काय छापले, हे आता सांगायला मला संकोच वाटतो. जे वर लिहिले होते तेच छापले.

त्यामुळे तुम्ही काय म्हणता ते मला कळते. यकृत असे चार दिवसांत निकामी होत नाही. ज्या नऊ वर्षांत तुम्ही रात्री दाराकडे कान लावून बसलात, पगाराचे हिशेब लपवले, शाळेच्या कार्यक्रमाला एकट्या गेलात, ती नऊ वर्षे त्या एका शब्दाने पुसून टाकली. तुमचा राग त्या शब्दावर आहे आणि तो योग्य आहे.

तरीही, सगळ्या गावाला सगळे सांगणे हे तुमच्यावर बंधन नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही अशी तरतूद आहे की नोंदवहीत मृत्यूचे कारण लिहिलेले असले, तरी कोणालाही दिल्या जाणाऱ्या दाखल्यात ते उघड करायचे नाही. झाकणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे, आणि कायदा करणाऱ्यांनाही तो कळला होता. सोसायटीच्या जिन्यात कोणी विचारले तर ‘यकृताच्या आजाराने’ एवढे सांगा. ते खरे आहे, पूर्ण वाक्य आहे, आणि त्यापुढच्या चौकशीला उत्तर देण्याची गरज नाही. विम्याच्या दाव्याचा अर्ज अजून भरायचा असेल, तर तिथे मात्र कारण जसे आहे तसेच लिहा; तिथे मऊ शब्द अंगाशी येतो. चार महिन्यांनी वर्षश्राद्ध येईल आणि प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायचे ठरले, तर मजकूर तुम्ही स्वतः लिहा. त्यात कारण लिहिण्याची पद्धत नसते, आणि तरीही कोणी जुनाच मजकूर पुढे केला, तर ‘अल्पशा’ हा शब्द तुमच्या हाताने खोडा. चिठ्ठी तुम्हीच कार्यालयात नेऊन द्या.

मुलाला ‘दारू’ हा शब्द आता सांगावा की मोठेपणी, याबद्दल लोकांची मते वेगळी असतील. माझे मत असे की सहा वर्षे ज्या घरात तो वाढला, तिथला वास आणि आवाज त्याला ठाऊक आहेत. त्याला फक्त नाव ठाऊक नाही. आज एवढेच पुरे : ‘बाबांना दारूचा आजार होता. त्यांना ती सोडायची होती, पण जमले नाही. त्यामुळे त्यांचे यकृत बिघडले. आजारात ते कधीकधी ओरडत, पण तू त्यांना आवडायचास.’ बाकीचे तो दहा-बारा वर्षांचा झाल्यावर सांगा, आणि कॉलेजात जाण्यापूर्वी सगळे सांगा, कारण व्यसनाचा कल काही अंशी आनुवंशिक असतो आणि मित्रांबरोबर पहिल्यांदा ‘बसण्याची’ वेळ येईल तेव्हा आपल्या घराचा इतिहास त्याला ठाऊक असायला हवा. मधुमेह असलेल्या घरात आपण हे न लाजता सांगतोच. तुमच्या स्वतःसाठीही एक सुचवते : व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांचे अल-अ‍ॅनॉन नावाचे गट असतात. तो माणूस हयात नसला तरी तिथे जाता येते. तिथे तुम्हाला कोणी ‘सवय’ हा शब्द ऐकवणार नाही.

उरले ‘गं. भा.’. गंगेसारखी पवित्र, असा त्याचा अर्थ सांगितला जातो, आणि कोणीतरी कधीकाळी तो मानाने योजला असेल यावर विश्वास ठेवायला मी तयार आहे. पण नाव पवित्र ठेवून वागणूक तीच ठेवली, की थोड्याच काळात नावालाही तोच वास येऊ लागतो. ‘श्रीमती’ चेही असेच झाले : शब्दाचा अर्थ भाग्यवान स्त्री, कोणत्याही स्त्रीला लावता येण्याजोगा, आणि आपल्याकडे मात्र पत्रिकेत ‘श्रीमती’ दिसले की वाचणारा कपाळाकडे पाहतो. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ ऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा इतकी टीका झाली की, हा केवळ चर्चेसाठीचा मुद्दा आहे, निर्णय झालेला नाही, असे त्यांना स्पष्ट करावे लागले. त्या टीकेत सामील असलेल्या कित्येक घरांतल्या पत्रिकांवर आजही ‘गं. भा.’ छापले जात असेल.

याहून जुने दाखले पाहिले की मला हुरूप येतो. ज्या काळात फसवल्या गेलेल्या विधवेचे ‘पाऊल वाकडे पडले’ एवढेच म्हटले जाई आणि पुढे मुलाचे काय केले हे कोणी विचारत नसे, त्या काळात, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात घर उघडले आणि त्याचे नाव ठेवले बालहत्या प्रतिबंधक गृह. जे समाज बोलत नव्हता ते नावातच आले. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढली, तिचे नाव मात्र अनाथ बालिकाश्रम होते. त्या सौम्य नावात मला भित्रेपणा दिसत नाही, कारण आत गेलेल्या मुलीला शिक्षण मिळत होते. शब्द मऊ असो की कडक, त्यामागे बाईच्या वाट्याला काय येते, हे मी पाहते. आणि म्हणूनच ‘बांगड्या वाढवणे’ हा शब्द मला सर्वांत जास्त खुपतो. कासारणीकडे बांगडी भरताना पिचली की ती ‘वाढली’ म्हणते आणि लगेच दुसरी भरते. पती गेल्यावर तोच शब्द उच्चारून बाईचे मनगट दगडावर आपटले जाते आणि दुसरी कोणी भरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या, तेव्हा बातम्यांत कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे असे उघडे शब्द आले. वाढवणे नाही, फोडणे. त्याच महिन्यात राज्य शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सुचवले.

मामांना मात्र तुम्ही हा इतिहास ऐकवू नका. पत्रिका अजून छापखान्यात गेलेली नाही, म्हणून आजच फोन करा, आणि लेखी संदेश न पाठवता बोला. ‘मामा, माझ्या नावामागे काहीच लावू नका, नुसते नाव राहू द्या’ एवढे पुरे. त्यांनी ‘अगं, मानाने लावलंय’ म्हटले तर ते खरेच तसे मानत असतील हे धरून चाला. पण मग त्यांना विचारा, मुहूर्ताच्या वेळी नवरीला हळद लावायला मला बोलावणार ना? या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत फोनवर थोडी शांतता असेल. ती शांतता भरून काढण्याची घाई तुम्ही करू नका.

कठोर झाले आहे का, असे तुम्ही विचारले आहे. एक दिवस ‘मेले’ म्हणालात, ती चूक सुधारता येईल. आठ महिने तुमच्या आसपासचे सगळे मऊ बोलत राहिले आणि प्रत्येक अवघड वाक्य तुमच्या वाट्याला ठेवले, हे मला जास्त कठोर वाटते.

आणि त्या चपला. मुलाशी बोलणे झाल्यावर लगेच त्या उचलून माळ्यावर टाकू नका, आणि तो शाळेत गेल्यावर परस्पर कोणाला देऊनही टाकू नका. एक-दोन आठवडे जाऊ द्या. मग त्यालाच विचारा, या कुठे ठेवायच्या. कपाटात, आजीच्या खोलीत, की दाराशीच. तो दाराशीच म्हणाला तर तिथेच राहू द्या. आता तो त्या कशासाठी ठेवतो आहे हे तुम्हा दोघांनाही ठाऊक असेल. फोनचे काय झाले ते मला कळवा.

आपली,
ताई